आधी माझा तुकडा, मग तुमची हळद

विजयाच्या घरून फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. समोर सातवा महिना लागलेली एक बाई रक्तदाबाची गोळी घ्यायची नाही म्हणून हटून बसली होती. फोनवर आई होत्या. विजयाच्या आई, पण आम्ही सगळे त्यांना नुसतं आईच म्हणतो. एरवी त्या फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात, की पडेगावाहून शहरापर्यंत फोनशिवायही ऐकू जावं. त्या दिवशी हळू बोलल्या. "शैला, विजू उठंना गं. शेजारचा डॉक्टर येऊन बघून गेला. तू ये…" पहाटे झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. समोरच्या बाईला मी म्हटलं, गोळी घ्या, माझ्याशी वाद घालू नका, आणि निघाले. दौलताबाद रस्त्याला लागले तेव्हा रडू आलं होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त भीती वाटत होती. आई एक प्रश्न विचारतील, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नसेल, याची ती भीती. विजया बहात्तरच्या दुष्काळात आईंच्या पोटात होती. आई त्या वर्षी अर्धपोटी खडी फोडत होत्या. लेकीची अंगकाठी लहान राहिली, चाळिशीत तिला साखर लागली, मागून रक्तदाब आला, आणि त्या प्रत्येक वेळी आईंनी कपाळाला हात लावून एकच म्हटलं होतं, की पोटात असताना पोरीला पोटभर मिळालं नाही. आता त्या मला विचारणार होत्या, "माझ्या उपासानं गेली का ती?"

त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. पुढचे काही दिवस घरात माणसं होती, विहारातली मंडळी येत-जात होती, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांनी त्रिशरण म्हटलं. मी आपली भीती पदराला बांधून रोज संध्याकाळी तिथं जात राहिले. त्याबद्दल शेवटी सांगते. आधी विजया कोण होती ते सांगायला हवं, कारण तिच्यावर जे दोन-तीन लेख छापून आले त्यात ती एखाद्या पुतळ्यासारखी दिसते, आणि पुतळ्याला मेथीची भाजी खाताना कुणी पाहिलेलं नसतं.

विजया वारेचा अभ्यास करायची. वार म्हणजे बाळामागून जी बाहेर पडते ती, बाळाला आणि आईला जोडणारी. आपल्याकडं या अवयवाचं नाव चारचौघांत घेत नाहीत. विजया ते लग्नाच्या पंगतीतही घ्यायची, आणि शेजारच्या पानावरच्या बायकांच्या हातातला जिलबीचा तुकडा तसाच राहायचा. आमची ओळख हॉस्टेलवरची. मी डॉक्टरकीला होते, ती जीवरसायनशास्त्राला. खोली एक, बादली एक, आणि दोघींच्या वेळा उलट्या, म्हणून मैत्री टिकली. तिची एक खोड तेव्हापासूनची. कशालाही ठाम उत्तर द्यायचं नाही. जेवलीस का म्हटलं तर "बहुतेक." परीक्षा कशी गेली, "बहुतेक बरी." एकदा पावसाळ्यात छत्रीविना भिजून आली आणि मी विचारलं, बाहेर पाऊस आहे का गं, तर केस पुसत म्हणाली, "बहुतेक." मला राग यायचा. डॉक्टरनं असं बोलून चालत नाही, पेशंट पळून जातो. ती म्हणायची, "तुला पेशंट टिकवायचाय, मला खरं टिकवायचंय." अशी दोन-चार उत्तरं तिनं मला आयुष्यात दिली असतील, आणि ती अजून टोचतात.

तिच्या स्वतःच्या जन्माची गोष्ट ती फार मजेत सांगायची. बहात्तरच्या दुष्काळात आई रोजगार हमीच्या कामावर होत्या. गावाजवळ पाझर तलावाचं काम चाललं होतं. सकाळी खडी, दुपारी खायला सरकारी सुकडी, संध्याकाळी पुन्हा खडी. प्यायचं पाणी आईंसारख्या दलित बायांच्या ओंजळीत वरून ओतलं जायचं, तेही सगळ्यांचं पिऊन झाल्यावर. अशात कामावरच कळा सुरू झाल्या आणि चार बायकांनी लुगड्यांचा आडोसा धरून विजयाला जगात आणलं. बाळ आलं, मागून वार आली. ती कुठं पुरायची? घर लांब, उन्हाळा कडक, कुत्री टपलेली. मग त्या बायकांनी ती तलावाच्या भरावातच खोल पुरली आणि वरून मातीच्या पाट्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी भिंत आणखी वर गेली. "अख्ख्या जिल्ह्यात मी एकटी," विजया म्हणायची, "जिच्या वारेवर सरकारनं तलाव बांधला." ती हे सांगून हसायची आणि आई तिथून उठून जायच्या. आईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांना फक्त आठवायचं, की त्या वर्षी त्या सुकडीतली अर्धी मूठ थोरल्या पोरांसाठी पदरात बांधून नेत होत्या, आणि पोटातल्या पोरीच्या वाट्याचं जणू त्यांनीच थोरल्यांना दिलं होतं.

मला वाटतं विजयाचं सगळं शास्त्र त्या अर्ध्या मुठीतून निघालं. ती बाहेर शिकून आली, चांगली नोकरी सोडून आली असं लोक म्हणायचे, ती म्हणायची बहुतेक वाईट नोकरी सोडून आली. पडेगावात तिनं घर बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि रिक्षावाला त्या बाजूला यायला दीडपट मागायचा. तिथं ती आणि आई राहू लागल्या. लग्न तिनं केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्याला ती वारेबद्दल सांगायला लागायची, त्यामुळं पुन्हा कुणी विचारत नसे. मग काही वर्षांनी तो दुसरा मोठा दुष्काळ आला, लागोपाठ दोन वर्षं पाऊस पळाला, आणि एका दुपारी ती माझ्या दवाखान्यात येऊन म्हणाली, "शैले, तुझ्याकडं गंगापूर, कन्नडकडच्या बाया बाळंतपणाला येतात. मला त्यांच्या वारेचा नखाएवढा तुकडा पाहिजे."

तिला काय बघायचं होतं ते तिनं मला कँटीनमध्ये सांगितलं आणि मला पहिल्यांदा काही कळलं नाही, हे इथं लिहायला हरकत नाही. पेशीतल्या डीएनएवर शरीर ठिकठिकाणी बारीक रासायनिक खुणा चिकटवतं. त्याला मिथाइलेशन म्हणतात. डीएनएची अक्षरं तीच राहतात, पण जिथं खूण चिकटली तिथलं जनुक बहुधा गप्प बसतं. एकाच डीएनएतून यकृतही बनतं आणि डोळाही, त्यात या खुणांचा मोठा हात. आणि वारेत या खुणा बाकीच्या अवयवांपेक्षा विरळ असतात, त्यांची मांडणीही जगावेगळी असते. विजयाचा प्रश्न असा होता, की आई उपाशी असेल, पाण्याला वणवण करत असेल, तर त्या वर्षीच्या वारेवरच्या खुणा वेगळ्या बसतात का? मी म्हटलं, आणि बसल्या तर? ती चहात बिस्किट बुडवत राहिली. "बसल्या तर काय, ते बघायला जन्म पुरणार नाही बहुतेक. पण कुणीतरी बघायला सुरुवात तर करू दे."

वार मिळणं सोपं नव्हतं. आमच्याकडच्या बायका वार दवाखान्यात सोडून जायला तयार नसतात. ती नीट पुरली नाही, कुत्र्यामांजरानं ओढली, तर बाळाला बाधतं असं मानतात. विजयाच्या घरात असल्या समजुतींना थारा नव्हता. पण तिनं एकाही बाईशी त्यावर वाद घातला नाही. तिनं परवानग्या काढल्या, प्रत्येक बाईला बाळंतपणाआधी स्वतः भेटून विचारलं, आणि एक शब्द दिला, की मी नखाएवढा तुकडा घेईन आणि बाकी सगळी तुमची तुम्हाला परत देईन, नव्या मडक्यात घालून. मी म्हटलं, मडकी कशाला, पिशवी चालेल. ती म्हणाली, "माझी भरावात गेली. यांची तरी मडक्यात जाऊ दे." कुंभाराकडून ती मडकी आणायची आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून मला हळू चालव म्हणून दर वळणावर सांगायची. पाणी नव्हतं म्हणून त्या वर्षी कुंभारही मडकी मोजकीच करत होता, आणि त्याला वाटायचं या दोन बाया माठ विकायचा धंदा करतात.

पहिल्या हंगामात सगळं काम पाण्यात गेलं. म्हणजे हळदीत गेलं. आमच्या प्रसूतिगृहात रुक्मिणमावशी आया होत्या, गंगापूरकडच्या, मेंढरं विकून शहरात आलेल्या घरातल्या. बाळ झालं की वार बाजूला ठेवायची, विजया येऊन तुकडा घेईल, एवढं त्यांना सांगितलेलं होतं. तुकडे गेले, प्रयोगशाळेत तपासण्या लागल्या, आणि एकामागून एक फसत गेल्या. डीएनए निघायचा तो पिवळट, आणि पुढं काही चालायचंच नाही. विजयानं रसायनं बदलली, यंत्र तपासलं, माझ्या फ्रीजला शिव्या दिल्या. शेवटी एके दिवशी ती वेळेआधीच आली, तर रुक्मिणमावशी एका परातीत वार ठेवून तिला मीठ-हळद चोळत होत्या, अगदी बाळाला तेल लावावं तशा मायेनं. विजया दारातच थांबली. "मावशी, हे काय?" मावशी म्हणाल्या, "मॅडम, पुरायची ना शेवटी? मंग हळदीबिगर कशी जाईल? तुम्ही बौद्ध, तुम्हाला आमच्यातलं म्हायत नसंल, म्हणून मीच करते. तुमच्या तुकड्यामुळं बाळाला काय व्हायला नको." मला हसू आवरेना. विजयाचं अख्खं वर्ष त्या परातीत पडलं होतं. ती खाली बसली, मावशींच्या हातातली हळद घेतली, हुंगली, आणि म्हणाली, "मावशी, हळद चोळायचीच. पण आधी माझा तुकडा, मग तुमची हळद." मावशींनी विचार केला आणि म्हणाल्या, "असं व्हय. मंग आधी बोलायचं ना." त्यानंतर एकही तुकडा पिवळा आला नाही, आणि मावशी नव्या आयांना दटावून सांगायच्या, आधी मॅडमचा तुकडा, मग आपली हळद.

सुनीता याच हळदीनंतरच्या दिवसांत आली. माहेर पिशोरचं, सासर गंगापूरच्या कडेला. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, लहानखुरी पण आवाजानं खणखणीत. विजयानं तुकडा घेतला, मावशींनी हळद चोळली, मडकं तयार झालं, आणि दारात सुनीताची आई आणि सासू भांडायला उभ्या राहिल्या. आई म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरचं, वार पिशोरला जाईल. सासू म्हणाली, वंश आमचा, आमच्या अंगणात पुरायची. मडकं विजयाच्या हातात. ती एकीकडं वळली की दुसरी पदर धरायची. विजयानं शास्त्र सुरू केलं. "हे बघा, वार आईनं बनवलेली नसते. ती बाळ बनवतं, आणि त्यात बापाकडूनही आलेलं असतं, आईकडूनही. आणि गंमत सांगू का, वारेतली काही जनुकं अशी, की बापाकडून आलेली तेवढी काम करतात, आईकडची गप्प. काही अगदी उलट. तुम्ही दोघी भांडताय ना, ते भांडण आत आधीच होऊन गेलंय." रुक्मिणमावशी म्हणाल्या, "मंग मॅडम, बाळालाच इचारा कुठं पुरायची." तेवढ्यात आतून, खाटेवरून, सुनीता बोलली, "पिशोरला. आपल्या लिंबाखाली. नऊ महिने वाहिली मी, भांडता तुम्ही." मडकं पिशोरला गेलं. विजया पुढं कित्येकदा म्हणायची, माझ्या सगळ्या कामात एवढा नीट निर्णय मी कुठं पाहिला नाही.

मग वर्षं गेली. दुष्काळ सरला, पाऊस आला, पावसाच्या वर्षांतल्या बायकांच्याही वारा तिनं जमवल्या, कारण तुलनेला त्या लागत होत्या. पडेगावातली ज्वारीची रानं प्लॉट झाली, प्लॉटांवर बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांना स्विस गावांची नावं आली, आणि नळाला पाणी पूर्वी चार दिवसांनी यायचं ते आठवड्यानं यायला लागलं. विजया म्हणायची, शहर वाढतंय तसं माझ्या नळाचा उपास वाढतोय. निकाल हाती आले ते असे : दुष्काळी वर्षांतल्या वारांवर खुणा काही ठिकाणी वेगळ्या होत्या. फार नाही, थोड्या. बाळाकडं अन्न पोचवणाऱ्या जनुकांच्या आसपास जरा जास्त. एवढंच ती एका कार्यक्रमात बोलली, आणि प्रत्येक वाक्यात "बहुतेक" घालून बोलली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात मथळा आला, की दुष्काळानं पोरांच्या रक्तावर कायमचा ठसा उमटवला. तिचा एकही "बहुतेक" त्यात नव्हता. तो पेपर हातात घेऊन ती माझ्याकडं आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा चिडलेली पाहिली. "जन्मावरून माणसावर शिक्का मारायचा धंदा या देशात फार जुना आहे, शैले. आमच्या किती पिढ्या त्यात गेल्या. त्या धंद्याला पुरावा माझ्या फ्रीजरमधून जायला नको होता."

आणि तिची भीती महिन्याभरात दाराशी आली. सुनीता मुलीला घेऊन ओपीडीत आली. पोर तापानं जरा उतरली होती, बाकी ठणठणीत, माझ्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होती. मी दोनदा विचारलं तेव्हा सुनीता म्हणाली, "मॅडम, पेपरात आलं तवापासून सासूबाई म्हणतात, दुष्काळातली हाय, कच्चीच निघाली. ताप आला तरी तेच, पडली तरी तेच. पुढं सोयरीक करताना लोकांना काय सांगायचं म्हणतात, आतापासूनच. तुमीच सांगा… पोरीत खोट हाय का? मी तुकडा दिला म्हणून तर नाय ना?" मी विजयाला फोन केला. ती म्हणाली, "उद्या गंगापूरला जायचं." मी म्हटलं, गाडी काढते. "नको, जीपनं जाऊ. गाडीनं गेलो तर त्यांना वाटेल काहीतरी गंभीर आहे." मग आम्ही दोघी त्या वडापच्या जीपमध्ये कोंबून, कापसाच्या गाठोड्यांमधून गेलो, आणि मी वाटभर तिला शिकवत होते, की आज बहुतेक म्हणू नकोस, लोकांना हो किंवा नाही लागतं. ती म्हणाली, "मग त्यांनी ज्योतिषाकडं जावं."

सासूबाई अंगणात धुणं घेऊन बसल्या होत्या. चहा आला, पाणी आलं. विजयानं सांगायला सुरुवात केली, वारेवरच्या खुणा, दुष्काळ, थोडा फरक, आणि म्हणाली, "तुमच्या नातीच्या तब्येतीत त्याचा पुढं बहुतेक काही परिणाम नाही." सासूबाईंनी धुणं थांबवलं. "बहुतेक म्हंजी? हाय का नाय?" मी विजयाकडं बघितलं. विजया अंगणाच्या कोपऱ्याकडं बघत होती. तिथं एक नळ होता, त्याच्या तोटीत चिंधीचा बोळा कोंबलेला. तिनं विचारलं, "हा नळ बिघडलाय का?" सासूबाई म्हणाल्या, "बिघडंल कशापायी? बोळा मीच घातलाय. पाणी आठ दिसांनी येतं, त्ये बी करंगळीयेवढं. हितला बंद केल्याबिगर घरातल्या टाकीत चढतच नाय." "म्हणजे नळाला खोट नाही?" "नळाला काय धाड भरलीय? पाऊसकाळात काढते मी बोळा." विजया पुढं सरकली. "आजी, वारेनं तेच केलं बघा. सुनीताच्या अंगात त्या वर्षी अन्नपाणी कमी. मग वारेनं कुठं बोळा घातला, कुठं काढला, आणि जे होतं ते पोरीपर्यंत चढवलं. आम्हाला दिसला तो बोळा. पेपरवाला म्हणाला नळ फुटला." सासूबाईंनी नळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "म्हंजी वार हुशार निघाली." "लई हुशार," विजया म्हणाली. "आणि बोळा राहिला मडक्यात, लिंबाखाली. पोर आली बाहेर." सासूबाईंनी नातीला हाक मारली, ओल्या हातानं तिचं नाक पुसलं आणि सुनीताला म्हणाल्या, "मॅडमना ज्वारीचं पीठ बांधून दे." येताना त्या पिठाची पिशवी विजयाच्या मांडीवर होती आणि ती इतकी खूश होती की तिनं जीपवाल्याच्या गाण्यावर मान हलवली. मी तिला म्हटलं, बोळा काढला की सगळं पूर्ववत होतं, असं तुझ्या शास्त्रात सिद्ध झालंय का? "नाही," ती म्हणाली. "म्हणून मी तेवढं बोललेच नाही. नीट ऐकलं असतंस तर कळलं असतं."

एवढी सगळी वर्षं मला वाटत आलं, की त्या दिवशी ती सुनीताच्या सासूसाठी गंगापूरला गेली होती. ते खरंच होतं. पण सगळं तेवढंच नव्हतं, हे मला आत्ता, ती गेल्यावर कळलं.

गर्दी ओसरल्यावरच्या एका संध्याकाळी मी पडेगावला गेले तेव्हा घरात आई एकट्याच होत्या. स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, सवयीनं दोघींपुरती. मी समोर बसून देठ खुडू लागले. मी उत्तर तयार करून आले होते. हृदयविकाराची कारणं अनेक असतात, कुणा एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही, असं सगळं डॉक्टरी. आईंनी मान वर केली आणि मला वाटलं, आला प्रश्न. मी घाईनं म्हणाले, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या त्या दुष्काळाचा आणि याचा तसा बहुतेक…" त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "तू नको सांगू, शैला. मी तिलाच इचारलं व्हतं. तुम्ही गंगापूरहून पीठ घेऊन आलात ना, त्या सांजंला. म्हटलं, लोकांच्या लेकीबाळींना सांगत हिंडतीस, मला सांग. मपल्यामुळं तुला ह्या गोळ्या लागल्या का? मी तुला उपाशी ठेवलं का?"

"मग?"

"मंग पीठ ठेवलं तिनं डब्यात. म्हणाली, आई, उपाशी तू होतीस. मी नव्हते."

मी देठ खुडायची थांबले. "बहुतेक म्हणाली असेल ना?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे, जिभेवर आलं. आईंनी आठवून बघितलं, आणि त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "नाय," त्या म्हणाल्या. "बहुतेक असं नाय म्हणाली."

तिच्या मापानं ते वाक्य कच्चं आहे. पुरावा नाही, तुलनेला दुसरी वार नाही, असलेली एकुलती एक तलावाच्या भिंतीत गेली. माझ्याकडून असं वाक्य आलं असतं तर तिनं मला फाडून खाल्लं असतं. आयुष्यभर तिनं पावसालासुद्धा जे ठाम उत्तर दिलं नाही ते तिनं एका संध्याकाळी, पिठाचा डबा बंद करता करता, आईला देऊन टाकलं होतं… मला रडू आलं आणि फार बरंही वाटलं, दोन्ही एकदम. माझी इतक्या दिवसांची भीती कुणीतरी माझ्याआधी येऊन उचलून नेली होती.

तेवढ्यात बाहेर नळ फुरफुरला. त्यांच्याकडं पाण्याचा तो दिवस होता. आई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मीही मागोमाग अंगणात गेले. तोटीतून पाणी ठिबकत होतं. तिथं बोळा कोंबलेला होता, पांढऱ्या कापडाचा, विजयाच्या जुन्या एप्रनच्या बाहीचा, काजाची शिवण अजून दिसत होती. आईंनी तो अंगठ्यानं दाबून आणखी आत बसवला आणि कान देऊन थांबल्या. आत टाकीत पाणी चढायला लागलं. "चढलं," त्या म्हणाल्या, आणि मेथी राहिली म्हणून आत गेल्या.